असणं, होणं, वसणं

डच शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच धड्यात 'झेइन' हे क्रियापद भेटतं. अर्थ साधा आहे: असणे. उच्चारताना 'झ' आपल्या 'झाडा'तला धरावा आणि 'ए'ला पुढे 'इ'चा हलका स्पर्श द्यावा. डच माणूस दिवसभरात जी क्रियापदं सर्वाधिक वापरतो, त्यांत याचा क्रमांक अगदी वरचा. आणि सर्वाधिक वापराचं क्रियापद असतं तेच सर्वांत वेडंवाकडं चालतं, हा बहुतेक भाषांचा अनुभव डचमध्येही चुकत नाही.

चालवून बघू. मी आहे: इक बेन. तू आहेस: येइ बेन्ट. तो आहे: हेइ इस. आम्ही आहोत: वेइ झेइन. तुम्ही सगळे आहात: युली झेइन. ते आहेत: झेइ झेइन. भूतकाळात एकवचनी तिन्ही पुरुषांना 'वास' (यातला 'आ' आखूड), अनेकवचनी तिघांना 'वारन'. भूतकाळवाचक धातुसाधित 'खवेस्ट', आणि आज्ञार्थ 'वेस'. मूळ क्रियापद 'झेइन', पण त्यातला 'झ' ना 'बेन'मध्ये आहे, ना 'इस'मध्ये, ना 'वास'मध्ये. नवखा विद्यार्थी इथेच वैतागतो.

त्यात आणखी दोन बारकावे. 'येइ बेन्ट' म्हणजे 'तू आहेस', पण प्रश्न विचारताना क्रियापद पुढे आलं की त्याचा 'ट' गळतो: 'बेन येइ?' आदरार्थी सर्वनाम मात्र तो गळू देत नाही: 'बेन्ट ऊ?' (हा 'ऊ' ओठांचा चंबू करून 'ई' म्हणायला गेल्यावर निघतो तसा.) आपण आदर दाखवायला क्रियापद अनेकवचनी करतो, 'तुम्ही आहात', 'आजोबा आलेत'. डच माणूस आदर दाखवतानाही एकवचनावरच राहतो. दुसरा बारकावा 'झेइ'चा. हा शब्द 'ती' आणि 'ते' या दोन्ही अर्थांनी येतो, आणि कोणता घ्यायचा हे क्रियापदाकडे बघून ठरवायचं. 'झेइ इस' म्हणजे ती आहे, 'झेइ झेइन' म्हणजे ते आहेत. वर 'झेइन' याचाच दुसरा, स्वतंत्र अर्थ 'त्याचा'.

एवढं वाचून डच भाषा लहरी आहे असं मत होण्याआधी आपल्या तोंडातलं एक क्रियापद तपासू. मी जातो, मी जाईन, मी जावं. पण मी गेलो. 'जा'चा 'गे' कुठून झाला, असं कुणी मराठी मूल विचारत नाही. ते दोन धातू आहेत: 'जातो' संस्कृत 'या'पासून, 'गेला' 'गम्'च्या 'गत'पासून. दोन क्रियापदांतलं एक वर्तमानाला उरलं, दुसरं भूताला. 'येतो' आणि 'आला' यांचंही तेच. डच 'झेइन'मध्ये असे दोन नव्हे, तीन धातू आहेत. आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने गमतीची बाजू अशी की हे तिन्ही धातू इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीसारख्या गावात आजही रोज बोलले जातात.

निरवांगी नीरेकाठचं गाव. नदीच्या अल्याड पुणे जिल्हा, पल्याड सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका. या पट्ट्यात 'आहे'चं 'हाय' होतं, 'नाही'चं 'न्हाय' आणि 'होता'चं 'व्हता'. शिकलेली मंडळी याला अशुद्ध म्हणतात. 'हाय' ऐकलं की नाक मुरडणाऱ्याने एकदा 'अस्ति'पासून 'आथी'पर्यंतचा प्रवास बघावा, मग शुद्ध कुठे संपतं ते सांगावं. संस्कृत 'अस्ति', प्राकृतात 'अत्थि', जुन्या मराठीत 'आथी'. ज्ञानेश्वरीत हा 'आथी' 'आहे' याच अर्थाने येतो. आजचं 'आहे' नेमकं कोणत्या वाटेने आलं यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण 'अस्' हा धातू 'आस्तिक', 'नास्तिक', 'अस्तित्व' या शब्दांतून आपल्याकडे ठसठशीत उभा आहे.

डचचा पहिला धातू हाच. 'हेइ इस'मधला 'इस' म्हणजे 'अस्ति'. शेवटचा 'त' डचने टाकला. शेजारच्या जर्मनने 'इस्ट' म्हणत तो ठेवला. आणि 'झेइन'? संस्कृतात 'अस्'चं अनेकवचन करताना सुरुवातीचा 'अ' उडतो: तो अस्ति, पण ते सन्ति. विध्यर्थातही तसंच: स्यात्. या 'स'पासून सुरू होणाऱ्या कुळातलं डच 'झेइन' आहे. डचमध्ये 'झेइ' असा एक जुना विध्यर्थही उरलाय. 'हेट झेइ झो' म्हणजे 'तसं असो'. हा 'झेइ' आणि जैनांच्या स्याद्वादातला 'स्यात्' एकाच घरचे. 'नसेल तर' या अर्थाचं डच उभयान्वयी अव्यय 'टेनझेइ' यातही तोच बसलाय. 'ते नसो' अशा जुन्या वाक्याचा तो आकसलेला अवशेष आहे.

दुसरा धातू 'भू'. संस्कृत 'भवति', प्राकृत 'होइ', मराठी 'होतो'. निरवांगीतला 'व्हता' याच वंशातला. डचमध्ये याचं 'बेन' आणि 'बेन्ट' झालं. संस्कृतच्या 'भ'ला डच, जर्मन, इंग्रजी अशा जर्मानिक भाषांत 'ब' उभा राहतो, हा नियम आहे, अपवाद नाही: 'भ्राता' तिकडे 'ब्रूर', 'भरति' तिकडे 'बारन' (मूल जन्माला घालणे). आणि 'बेन'चा शेवटचा 'न'? तो 'भवामि', 'अस्मि' यांतल्या 'मि'चा उरलेला तुकडा. जुन्या जर्मनमध्ये तो 'बिम' असा 'म'कारान्तच होता, पुढे 'बिन' झाला. म्हणजे 'इक बेन' म्हणणारा डच माणूस 'मी' दोनदा म्हणतो, एकदा 'इक'मध्ये आणि एकदा त्या 'न'मध्ये, आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

असं साम्य दाखवताना जपून असावं लागतं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात भारत-नेदरलँड सहकार्यातून भाजीपाल्याचं गुणवत्ता केंद्र उभं राहिलंय, आणि डच बियाणं या भागातल्या भाजीपाला उत्पादकांना नवं नाही. डच बियाणे कंपन्यांच्या नावांत 'झाडेन' असा शब्द दिसतो. मराठी माणूस तो 'झाडं' असा वाचतो आणि खूश होतो. त्याचा उच्चार 'झादन' असा आहे, अर्थ 'बियाणं', आणि आपल्या झाडाशी त्याचं काडीचंही नातं नाही. उलट डच 'कू' आणि मराठी 'गाय' ऐकायला लांबचे वाटतात, पण ते सख्खे आहेत: संस्कृत 'गो', आणि 'ग'ला तिकडे 'क' हा ठरलेला बदल. कान फसवतात. नियमाने जुळतं ते नातं, कानाला जुळतं तो योगायोग.

अशा जुळणीचा पहिला सुगावा लागलेल्या युरोपीयांत एक आपल्याकडचाच आहे. 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि १५८३ मध्ये त्यांनी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं. डच लोकही लांब नव्हते. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली, तिचे अवशेष अजून उभे आहेत. त्याच कंपनीच्या केटेलार नावाच्या नोकराने सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्तानी भाषेचं व्याकरण डचमध्ये लिहिलं, क्रियापदांच्या रूपांसकट. पण व्यापाऱ्याला रूपं घोकायची होती, त्यांचा उगम शोधायचा नव्हता. तो शोध खऱ्या अर्थाने १८१६ मध्ये सुरू झाला, फ्रान्झ बॉप या जर्मन अभ्यासकाच्या पुस्तकाने. त्याचा विषयच संस्कृत क्रियापदं कशी चालतात आणि ग्रीक, लॅटिन, फारसी, जर्मानिक क्रियापदांशी ती कशी जुळतात, हा होता. एका नव्या शास्त्राचा पाया क्रियापदांच्या तक्त्यावर घातला गेला, हे शाळेत 'चालवून दाखवा'ला कंटाळलेल्यांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे.

तिसरा धातू माझ्या मते सगळ्यांत रसाळ: 'वस्'.

निरवांगी काय किंवा आसपासचं कुठलंही गाव काय, गावठाणात राहणारी माणसं थोडी आणि रानात विखुरलेली जास्त. ऊस, गुरं, विहिरी सगळं रानात, म्हणून घरंही रानात. दहा-बारा घरांचा असा पुंजका म्हणजे वस्ती. तिला बहुधा आडनाव चिकटलेलं असतं. पत्ता सांगताना गावाआधी वस्ती सांगतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ एसटीत ऐकू येतो. संध्याकाळी तालुक्याहून निघून गावात मुक्कामाला राहणारी आणि पहाटे परत फिरणारी गाडी म्हणजे 'वस्तीची गाडी'. उशिरा आलेल्या पाहुण्याला 'आता कुठं जाताय, वस्तीला ऱ्हावा' असं म्हणतात. यात 'वस्ती' म्हणजे घरांचा पुंजका नव्हे, एका रात्रीचा मुक्काम. आणि संस्कृत 'वस्'चा जुना अर्थ हाच: थांबणे, रात्र काढणे. घर करून राहणे हा अर्थ त्याच्याच मागून आला. कोशात शोधायला जावं लागावं असा अर्थ एसटीच्या पाटीवर जिवंत आहे.

डचमधले 'वास', 'वारन', 'खवेस्ट', 'वेस' हे सगळे या 'वस्'चे. मुक्काम करणे याचं 'असणे' कसं झालं, हे डच माणसाला समजावून सांगावं लागतं. मराठी माणसाला नाही. 'तुमचा थोरला कुठं असतो?' 'तो पुण्याला असतो.' इथे 'असतो' म्हणजे राहतो. आपण रोज 'असणे' हे क्रियापद 'वसणे'च्या जागी बसवतो. डच भाषेच्या पूर्वजांनी याच वाटेने उलटा प्रवास केला, 'वसणे'ला 'असणे'च्या जागी बसवलं. फरक एवढाच की त्यांनी तो मुख्यतः भूतकाळात केला आणि मग तिथेच कायमचा मुक्काम ठोकला.

आता 'वास'चं अनेकवचन 'वारन' का? 'स'चा 'र' कसा झाला? इंग्रजीतही एकवचनी 'वॉज' आणि अनेकवचनी 'वेअर' अशी हीच फोड आहे. या 'र'ने एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांना बराच काळ छळलं, आणि उत्तर सापडलं ते वेदांच्या उच्चारपद्धतीत. संस्कृतमध्ये 'वस्'चा परोक्ष भूतकाळ असा चालतो: तो 'उवास', ते 'ऊषुः'. वैदिक पठणात स्वराघात कुठे पडतो हे परंपरेने काटेकोर जपलंय. एकवचनात, 'उवास'मध्ये, तो धातूवर पडतो. अनेकवचनात, 'ऊषुः'मध्ये, तो सरकून प्रत्ययावर जातो. कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७५ मध्ये लिहिलेल्या आणि १८७७ मध्ये छापून आलेल्या लेखात दाखवून दिलं की जर्मानिक भाषांत जिथे 'स'चा 'र' झाला, तिथे पूर्वी आघात 'स'च्या आधीच्या अक्षरावर नव्हता. आघात आधी असेल तर 'स' टिकला. नसेल तर तो मऊ पडून आधी 'झ' झाला आणि मग 'र'. पुढे जर्मानिक भाषांनी आघात सरसकट पहिल्या अक्षरावर आणला, कारण पुसलं गेलं, पण परिणाम राहिला. 'हरवणे' या अर्थाच्या 'व्हर्लीझन'चं धातुसाधित 'व्हर्लोरन' होतं, तेही याच कारणाने. ॲमस्टरडॅमच्या शाळेतलं पोर 'वास – वारन' घोकतं तेव्हा ते नकळत त्या स्वराघाताचीच घोकंपट्टी करत असतं.

या क्रियापदाबाबत डचला जे जमत नाही, तेही सांगायला हवं. इंदापूर तालुका नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडे येतो. शेतकऱ्यांच्या भाषेत, टेलला. तिथे 'पाटाला पाणी हाय' आणि 'पाटाला पाणी असतं' या दोन वाक्यांत पीक येणं आणि जळणं एवढं अंतर आहे. पहिलं म्हणजे आत्ता आवर्तन सुरू आहे, मोटार घेऊन पळा. दुसरं म्हणजे पाण्याचा भरवसा आहे, ऊस लावा. आत्ताचं असणं आणि नेहमीचं असणं यांना आपण वेगळी रूपं दिली: आहे आणि असतो. डचकडे दोन्हींना एकच 'इस'. 'एर इस वाटर', पाणी आहे. नेहमी असतं म्हणायचं तर 'सहसा', 'नेहमी' असा शब्द वेगळा घालावा लागतो. तीन धातू गोळा करूनही त्यांची ही सोय झाली नाही.

उलट जागेबद्दल बोलताना डच माणूस 'झेइन' शक्यतो टाळतो. बाटली टेबलावर 'उभी असते', पुस्तक 'पडलेलं असतं', पक्षी झाडात 'बसलेला असतो'. गाव असेल तर ते 'पडलेलं' असतं: निरवांगी 'लिख्त' नीरेकाठी. आपण म्हणतो, गाव नदीकाठी वसलंय.

आता विद्यार्थ्याला सगळ्यांत जास्त नडणारा भाग: पूर्ण वर्तमानकाळ. मराठीत 'असणे' एकटं सगळी कामं उरकतं. 'मी आलो आहे', 'मी आंबे खाल्ले आहेत', 'माझ्याकडे दोन गाई आहेत'. आपल्याकडे 'बाळगणे' अर्थाचं रोजचं सहायक क्रियापदच नाही. डचमध्ये आहे, 'हेबन', आणि ते 'झेइन'शी काम वाटून घेतं. गाई त्याच्याकडे जातात: 'इक हेब त्वे कूयन'. खाल्लेले आंबेही त्याच्याकडे. पण जिथे कर्ता एका जागेहून दुसरीकडे जातो किंवा एका अवस्थेतून दुसरीत, तिथे 'झेइन' लागतं: गेलो, आलो, पडलो, मेला, झाला. मराठी माणसाने ढोबळ आडाखा असा धरावा की 'मी'ने किंवा 'त्याने' केलं आणि क्रियापद कर्म बघून बदललं (आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली), तर 'हेबन'. क्रियापद कर्त्याकडे बघून बदललं (तो गेला, ती गेली), तर 'झेइन' असण्याची शक्यता मोठी. शंभर टक्के नाही. 'तो झोपला' आपल्याकडे कर्तरी आहे, तरी डचमध्ये तिथे 'हेबन', कारण झोपलेला माणूस होता तिथेच असतो. आणि सायकल चालवली तर 'हेबन', पण सायकलवरून बारामतीला गेलो तर 'झेइन'. ठिकाण आलं की सहायक बदलतो.

'झेइन' स्वतः मात्र स्वतःच्याच आधाराने उभं राहतं: 'इक बेन खवेस्ट', मी होतो, जाऊन आलो. या तीन शब्दांच्या वाक्यात 'भू' आणि 'वस्' शेजारी बसलेत.

हे तीन धातूंचं कडबोळं डचच्या सगळ्या नातलगांनी सारखं पचवलं नाही. आपल्या गोठ्यांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जी एचएफ गाय दिसते, तिच्या नावातलं 'फ्रिजियन' नेदरलँडच्या उत्तरेकडच्या फ्रीसलँडवरून आलंय. तिथल्या लोकांची फ्रिसियन ही वेगळी भाषा आहे, डचची बोली नव्हे. तिच्यात 'असणे' म्हणजे 'वेझे'. मूळ क्रियापदाचा मान त्यांनी 'अस्'ला न देता 'वस्'ला दिला, आणि 'आम्ही आहोत' याला ते 'वी बिने' म्हणतात, म्हणजे तिथे 'भू' अनेकवचनातही पसरला. दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या डचांची भाषा पुढे आफ्रिकान्स झाली, तिने तर पसाराच आवरला: मी 'इस', तू 'इस', आम्ही 'इस', ते 'इस'. आदिम 'अस्ति' एकटा सगळ्यांना पुरला. भूतकाळात एकच 'वास', आणि 'वारन'सोबत व्हेर्नरचा 'र'ही गेला.

डचमध्येही 'वेझन' हे जुनं मूळ रूप पूर्ण मेलेलं नाही. नाम म्हणून ते 'जीव', 'सत्त्व' या अर्थाने चालतं. बोलीत आणखी एका जागी ते हटकून येतं. मासे धरायला गेला आणि परत आला, तर डच माणूस म्हणतो, 'इक बेन वेझन व्हिसन'. 'जाणे' हा शब्द वाक्यात नाही, 'येणे' नाही. शब्दश: पाहिलं तर नुसतं 'असणे' दोनदा आहे आणि पुढे मासे धरणे. पण ऐकणाऱ्याला जाणं, तिथे थोडा वेळ असणं आणि परतणं, तिन्ही कळतात. मराठीत यासाठी 'मासे धरून आलो' म्हणतात, आणि तिकडे 'असणे'वर जे काम सोडलंय ते आपण 'येणे'वर सोडतो.